धवलच्या बरगडीचा राखणदार

मित्रांनो, माझ्या डाव्या कडेवरून जरा बोट फिरवा. लागले का दोन खड्डे? ते दातांचे आहेत. जर्मनीतल्या एका सामन्यात एक दांडगा मुंडी खाली घालून माझ्यावर धावून आला. त्याच्या हेल्मेटची जाळी तुटली आणि त्याचे पुढचे दोन दात माझ्यात रुतले. दात काढून टाकले, खड्डे राहिले. मी अमेरिकन फुटबॉलचा एक जुना शोल्डरपॅड आहे. खांदे, छाती, पाठ आणि खाली पट्ट्याने बांधलेली बरगड्यांची ढाल, एवढा माझा संसार. मार खाणं हा माझा धंदा, आणि तो मी इमानेइतबारे केला.

तुम्ही म्हणाल, हा परदेशी पॅड मराठी कसं बोलतो? थांबा, सगळं सांगतो. घाई केलेली मला खपत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तापलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं, आत स्पंज भरला, छातीवर दोऱ्या ओवल्या. मग मला एका लोखंडी खांबावर चढवलं आणि वरून धाडकन वजन आदळलं. जन्मल्या जन्मल्या मार! मी तडकलो नाही म्हणून पास झालो. शेजारचा तडकला, त्याला पुन्हा भट्टीत टाकलं.

तिथून मी जर्मनीत सैनिकांच्या छावणीत गेलो. ती माणसं सुट्टीच्या दिवशीही एकमेकांना तुडवायची. चिखल, रक्त, शिव्या आणि वर हसणं. त्या काळात माझी फार वाहवा झाली. "हा पॅड भाग्याचा आहे," असं म्हणून माझ्यासाठी भांडणं व्हायची. पण छावणी उठली आणि जुन्या सामानाच्या गठ्ठ्यात मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या एका कॉलेजच्या संघाकडे येऊन पडलो. संघाचं नाव डोमेल बुल्स. त्यांनी मला मैदानाकडेच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये कोंबलं. वर ओले मोजे, खाली उंदीर. माझ्या काखेतला स्पंज उंदरांनी कुरतडला. अहो, ज्याने माणसांचे दात पाडले त्याला उंदरांनी खावं! दिवस फिरले की असं होतं.

मग एक दिवस धवलने मला बाहेर ओढलं.

धवल हा बेस्ट गावातला मराठी मुलगा. बेस्ट आइंडहोवनला अगदी चिकटून आहे. त्याचे वडील श्रीनिवास चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारे इंजिनियर आणि आई वीणाताई. धवल इथेच वाढला. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. अंगाने सडपातळ. शाळेत डच मुलं ताडासारखी वाढत असताना हा मागे राहिला, त्यामुळे कुठल्याच संघात त्याला कुणी घेत नसे. पण पोराच्या उजव्या हातात जादू होती. या खेळात लांबट चेंडू हाताने फेकतात आणि चेंडू असेल त्याला बिनधास्त आडवं पाडतात. फेकणाऱ्या म्होरक्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू त्याच्या हाती येतो, तो मागे सरकून कोण मोकळा आहे ते बघतो आणि फेकतो. तेवढ्यात समोरचे त्याला चिरडायला निघालेले असतात. धवल क्वार्टरबॅक झाला आणि मी त्याचा.

माझ्या बरगडी-ढालीचा चाप तुटका होता. वीणाताईंनी नाक दाबून मला पाहिलं, म्हणाल्या, "शी! किती घाण वास! घरात आणायचं नाही हां हे." पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी चापाच्या जागी परकराची नाडी ओवून पक्की गाठ मारून दिली. घरामागे सायकली ठेवायची एक खोली असते, तिला इथे स्खूर म्हणतात. तिथल्या खिळ्यावर माझी नेमणूक झाली. समोरच स्वयंपाकघराचं दार. वीणाताई पोळ्या लाटता लाटता पुण्याच्या बहिणीशी, मृदुलाशी, फोनवर बोलायच्या. अशी मला मराठी आली. पोळ्या येत नाहीत, एवढंच.

श्रीनिवासला सुरुवातीला हा खेळ मुळीच आवडला नाही. "ही काय रेड्यांची टक्कर! टेनिस खेळ ना बाबा," असं तो म्हणायचा. मग एकदा सामना बघायला आला, धवलचा चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला मित्राच्या छातीवर जाऊन बसला, आणि गडी पाघळला. "अगं वीणा, हा तर आपला हुतूतूच आहे! फक्त चेंडू जास्तीचा!" तेव्हापासून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने धवलचे इतके फोटो टाकले की लोक कंटाळले असतील.

सायकलचं पंक्चर काढत तो धवलला कामावरच्या गोष्टी सांगायचा. एक गोष्ट मला पाठ आहे. कुणा नवीन पोराने काम उरकावं म्हणून यंत्राचा अलार्म बंद केला आणि यंत्र तसंच चालवलं. श्रीनिवास त्याच्यावर कडाडला होता. "मी म्हटलं, शहाण्या, अलार्म बंद केला म्हणजे बिघाड दुरुस्त झाला का? अलार्म तुझा दुश्मन आहे का?" धवल मान हलवायचा. मीही खिळ्यावरून मान हलवायचो, मला मान नसली तरी.

कारण मित्रांनो, आमच्या धंद्यातही एक अलार्म असतो. तिचं नाव वेदना. मी बाहेरून राखण करतो, ती आतून. मार बसला की ती आत ओरडते, अंग वळतं, कोपर खाली येतं, दुखरी बाजू लपते. धवलची वेदना तर फार बोलकी. हा मुलगा एरवी मराठीत चकार शब्द काढायचा नाही, पण सणसणीत फटका बसला की तोंडातून निघायचं, "आई गं!" समोरची डच मुलं चमकायची. मला मात्र बरं वाटायचं. सगळं जागच्या जागी आहे, राखणदारीण जागी आहे, असा त्याचा अर्थ.

उपांत्य सामना आमच्याच मैदानावर झाला. पावसाने चिखलाचा नुसता काला झाला होता. आमचे दोघे जण नाकातून रक्त गाळत खेळत होते. समोरच्या एकाचं बोट उलटं वळलं, त्याने ते दातात धरून सरळ केलं आणि परत आला. शेवटच्या डावात धवलने चेंडू फेकायला उजवा हात वर केला. हात वर गेला की बरगड्या उघड्या पडतात, आणि मी वर सरकतो. नेमक्या त्या फटीत एक हेल्मेट घुसलं. आत ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. फक्त त्याने आणि मी ऐकला.

"आई गं!"

चेंडू मात्र पोचला होता. सामना जिंकला. धवलला उचलून नाचवलं, आणि प्रत्येक उडीला तो माझ्या आत कळवळत होता.

दुसऱ्या दिवशी तो आणि श्रीनिवास इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे हाउसआर्ट्सकडे जाऊन आले. बाईंनी बोटांनी चाचपलं, छाती ऐकली आणि सांगितलं की बरगडीला तडा आहे. एक्स-रे काढून उपचार बदलणार नाही. पॅरासिटामॉल घे, सहा आठवडे छातीवर मार बसता कामा नये, आणि श्वासाला त्रास झाला तर लगेच फोन कर. झालं! घरात एकच शब्द पोचला.

"पॅरासिटामॉल गं!" वीणाताई फोनवर मृदुलाला सांगत होत्या आणि हसू आवरत नव्हतं. "साधा एक्स-रेसुद्धा नाही! ताप आला पॅरासिटामॉल, पाय मुरगळला पॅरासिटामॉल. उद्या मुंडकं उडालं तरी म्हणतील, घरी जा, पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी प्या!"

श्रीनिवासही हसला. इथल्या आपल्या सगळ्या घरांत हा विनोद चालतो. आणि प्रत्येक घरात एक डबा असतो. पुण्याहून येताना बॅगेत कपडे कमी आणि गोळ्या जास्त. कुणाला काही झालं की आधी डबा उघडायचा. डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिलीवर सगळे हसले आणि त्या हसण्यात उरलेल्या दोन वाहून गेल्या.

अंतिम सामना पुढच्याच आठवड्यात होता, आल्मेरेला. धवलचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. शाळेत कुणी संघात न घेतलेला मुलगा, आता अख्खा संघ त्याच्या तोंडाकडे बघत होता. बदली फेकणारा तैस नवशिका, त्याचा चेंडू कावळ्यासारखा कुठेही जाऊन बसायचा. आणि श्रीनिवासने तर मंडळातल्या चार कुटुंबांना सामन्याचं आमंत्रण देऊन टाकलं होतं!

सामन्याच्या सकाळी धवल स्खूरमध्ये मला घ्यायला आला. हात वर करायला गेला आणि पांढराफटक पडला. वीणाताई दारात होत्या. "धवल, राहू दे रे यंदा. दुखणं हत्तीच्या पायाने येतं, मुंगीच्या पायाने जातं. डॉक्टर मार नको म्हणाल्या ना?"

"आय ॲम फाइन, आई."

"काय फाइन? हात वर जात नाही तुझा!"

श्रीनिवास आतून डबा घेऊन आला. "अगं, इथल्या डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस? त्यांना सगळं सहा आठवडेच असतं. ही लाल गोळी घे रे. मागे माझी कंबर धरली होती, तासाभरात उभा राहिलो होतो. दोन घे, आणि पट्टी खिशात ठेवतो मी."

धवलने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, यू थिंक आय शुड प्ले?"

श्रीनिवासने गोळ्यांची पट्टी खिशात सरकवली. मी आतून ओरडत होतो, नाही म्हण, नाही म्हण! पण प्लास्टिकला आवाज नसतो. तो म्हणाला, "तुला खेळायचंय ना? मग खेळ. मी आहे." प्रेमाने म्हणाला हो तो, तेच तर वाईट.

आल्मेरे म्हणजे समुद्र हटवून केलेली जमीन. सपाट, आणि वारा असा की उभा माणूस कलावा. तिथे पोचेपर्यंत गोळ्या भिनल्या होत्या. प्रशिक्षक व्हिम धवलपाशी आला. त्याची एक रीत होती. जखमी खेळाडूला तो विचारायचा, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" आणि मग पॅडवर मूठ हाणून बघायचा. धवल म्हणाला, "शून्य." व्हिमने माझ्या बरगडी-ढालीवर मूठ हाणली. धवल हलला नाही. त्याची पापणीही लवली नाही.

"छान!" व्हिम म्हणाला.

कसलं छान? दुखतंय का, हे सगळ्यांनी विचारलं. मोडलेलं जुळलं का, हे एकानेही विचारलं नाही.

आल्मेरेच्या संघात रूबेन नावाचा धिप्पाड पोरगा होता. त्याने पहिल्याच डावात धवलला उचलून पाठीवर आपटलं. मी जमिनीवर असा आदळलो की माझ्या पाठीला चीर गेली. मी कान देऊन ऐकत होतो. काहीच नाही. ना "आई गं", ना अंग वळलं. धवल उठला, झटकलं आणि हसला. दुसऱ्यांदा गुडघा बरगडीवर आला. आत दोन टोकं एकमेकांवर घासलेली मला कळली. धवलला नाही कळली! तिसऱ्यांदा दोघे एकदम तुटून पडले, एकाच्या कोपराने धवलचा ओठ फाटला, रक्त माझ्या छातीवर सांडलं. तो थुंकला आणि पुढचा चेंडू फेकला. लोक वेडे झाले होते. कडेला श्रीनिवास "धवल! धवल!" ओरडत होता. मंडळाची पोरं खुर्च्या ढोलासारख्या बडवत होती.

आणि धवल खेळत होता तरी कसा? आयुष्यात खेळला नव्हता तसा. दुखरी बाजू लपवायची नाही, कोपर खाली घ्यायचं नाही, मार चुकवायचा नाही. शूरपणा नव्हे हो तो. राखणदारिणीला अफू पाजून निजवलं होतं आणि दार सताड उघडं होतं. मी एकटा किती पुरणार?

शेवटचा डाव. आम्ही थोडेच मागे. धवलने चेंडू घेतला, मागे सरकला, उजवा हात वर नेला. रूबेन समोरून येताना त्याला दिसत होता. दुखऱ्या बरगडीचा कुठलाही माणूस तिथे वळला असता. धवल ताठ उभा राहिला आणि चेंडू सोडला. रूबेनचा खांदा सगळ्या वजनानिशी त्याच फटीत बसला. वीणाताईंची नाडी टिकली, ढाल टिकली, मी टिकलो. मोडक्या बरगडीचं टोक मात्र गेलं आत. फुप्फुसात.

चेंडू कुठे पडला ते मला ठाऊक नाही. पुढे कधी विचारलंही नाही.

धवल उठून बसला. ओरडला नाही. त्याने तोंड उघडलं, पण हवा आत जाईना. पुन्हा उघडलं. माशासारखं. ओठ निळे पडायला लागले. सगळ्यात आधी कळलं ते रूबेनला. त्याने हेल्मेट भिरकावलं, दोन्ही हात हलवत मदतीसाठी बोंब ठोकली आणि गुडघ्यांवर बसून धवलचा हात धरला. एवढा मोठा रेडा, ढसाढसा रडत होता. खेळ नियमाप्रमाणेच झाला होता, चूक त्याची नव्हतीच.

अँब्युलन्समधली बाई धावत आली. "काही औषध घेतलंय का? पॅरासिटामॉल?" श्रीनिवासने खिशातून लाल गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. वीणाताई धवलचं डोकं धरून "श्वास घे रे राजा, श्वास घे" एवढंच म्हणत होत्या.

बाईने मोठी कात्री काढली आणि माझ्याकडे वळली. छातीवरच्या दोऱ्या, कचकच. काखेतले पट्टे, कच. वीणाताईंची नाडी, कच. मी दोन तुकडे होऊन दोन्ही बाजूंना पडलो. ज्याला दात फोडू शकले नाहीत त्याला तिने क्षणात उघडलं. मित्रांनो, खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या मजबूतपणाचा राग आला होता. काप बाई, लवकर काप, असं मी मनात म्हणत होतो. तिने धवलच्या छातीत जाड सुई खुपसली. फुस्स करून हवा बाहेर आली. आणि पोराने श्वास घेतला. कर्कश, रक्ताळलेला, पण श्वास!

धवल वाचला. छातीत नळी घालून बरेच दिवस तो आल्मेरेच्या दवाखान्यात होता. मला कुणीतरी पिशवीत भरून वीणाताईंकडे दिलं. मला वाटलं, आता कचऱ्यात. पण त्यांनी माझे दोन्ही तुकडे स्खूरमधल्या त्याच खिळ्यावर टांगले. धवल घरी आला तेव्हाही तीच जुनी गत. कुणीही विचारलं की "आय ॲम फाइन." रात्रभर कण्हायचा, सकाळी फाइन.

एका दुपारी श्रीनिवास एकटाच आत आला आणि माझ्यासमोर उलट्या बादलीवर बसला. माझी कापलेली नाडी त्याने बोटांत धरली. पाठोपाठ वीणाताई आल्या. तो म्हणाला, "वीणा, कामावर कुणी अलार्म बंद केला तर मी त्याला फाडून खातो. आणि घरी पोटच्या पोराचा अलार्म मी माझ्या हाताने बंद केला."

वीणाताईंनी त्याला समजावलं नाही. "मीही हसले होते," एवढंच म्हणाल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

माझं ऐका, मुलांनो. अंगावर कवच कितीही चांगलं असो, आतल्या राखणदारिणीला झोपवून लढाईला जाऊ नका. कुणी म्हणालं, "दुखत नाही," की तिथेच खूश होऊन टाळ्या पिटू नका. बरं झालं का, ते विचारा. आणि ज्याने "थांब" म्हणून सांगितलं त्याच्यावर हसायच्या आधी त्याचं बोलणं पुरतं ऐकून तरी घ्या.

आता शेवटचं सांगतो. परवा सकाळी छान ऊन पडलं होतं. धवल स्खूरमध्ये आला, माझ्याकडे बघून थोडा हसला आणि कडेची सायकल ओढायला गेला. हँडल अडकलं, त्याने हिसका मारला, आणि बरगडीत अशी कळ गेली की तो मोठ्याने ओरडला, "आई गं!"

स्वयंपाकघरात लाटणं पडल्याचा आवाज झाला. वीणाताई पिठाच्या हातांनी धावत आल्या. मागून श्रीनिवास, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

"काय झालं? दुखतंय?"

धवल सायकलला टेकला, डोळ्यांत पाणी, आणि मराठीत म्हणाला, "हो बाबा. खूप दुखतंय."

श्रीनिवासने सायकल हातातून काढून घेतली. "मग राहू दे. सायकल नको आज." त्याने पोराच्या चांगल्या बाजूला खांदा दिला आणि तिघं हळूहळू घरात गेली. त्या "आई गं!"इतका गोड आवाज, मित्रांनो, मी एवढ्या वर्षांच्या मारामारीत ऐकला नव्हता.